हाताची घडी, तोंडावर बोट. पण मेंदूचं काय?

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे आणि ती किती वेळ टिकते हेही प्रत्येकाला ठाऊक आहे. बाई फळ्याकडे वळल्या की बोट ओठांवरून हनुवटीवर घसरतं. बाईंनी प्रश्न विचारला की ते हवेत जातं आणि ‘बाई, मी सांगू? बाई, मी!’ सुरू होतं. त्यातला एखादा तर एवढंही विचारत नाही. प्रश्न अर्धाच झालेला असतो आणि त्याचं उत्तर वर्गभर ऐकू गेलेलं असतं. कधी ते बरोबर असतं, कधी भलत्याच प्रश्नाचं. अशा मुलासाठी आपल्याकडे विशेषणांची वाण नाही: आगाऊ, तोंडाळ, अतिशहाणा. पालकसभेत आईवडिलांना ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं, ‘हुशार आहे हो, पण मध्येमध्ये फार बोलतो.’ त्यानंतर घरी काय होतं ते सांगायला नको.

ही तक्रार आपण सहसा वळण आणि संस्कार यांच्या खात्यात टाकतो. तिथे तिचा थोडा वाटा आहेही. पण बोलण्याची पाळी सांभाळणं ही मेंदूच्या दृष्टीने बरीच अवघड कामगिरी आहे, आणि ती ज्या वयात आपण सर्वात कडकपणे मागतो त्याच वयात ती यंत्रणा सर्वात कच्ची असते.

साध्या गप्पांचंच पाहा. जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन अशा १० भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. भाषांमध्ये थोडा फरक होता, पण एकूण सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. आता गंमत अशी की, एखादं चित्र पाहून त्याचं नाव आठवून ते उच्चारायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. हा हिशेब एकाच पद्धतीने जुळतो: समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर तयार करत असतो. म्हणजे प्रश्न संपण्याआधी उत्तर तयार होणं यात विचित्र काहीच नाही. ते वर्गातल्या प्रत्येकाचं होतं, शिक्षकखोलीतल्या प्रत्येकाचंही होतं. फरक पडतो तो तयार झालेलं उत्तर ओठांच्या आत थोपवून धरण्यात.

हे थोपवून धरणं म्हणजे मेंदूचा ब्रेक. कपाळामागचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, आणि मेंदूच्या आत खोलवर असलेली बेसल गँग्लिया नावाची केंद्रं मिळून हा ब्रेक लावतात. मेंदूच्या ज्या भागांची वाढ सर्वात शेवटी पूर्ण होते, त्यांत हा कपाळामागचा भाग आहे. त्याची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. सहा वर्षांच्या मुलाकडे इंजिन पूर्ण ताकदीचं असतं, ब्रेक मात्र अर्धवट बसवलेला. त्यात आणखी एक अडचण. लहान मुलांची तात्पुरती स्मृती फार तोकडी असते. हात वर करून, बाईंचं लक्ष जाईपर्यंत, आधीच्या दोघांची उत्तरं ऐकत आपलं उत्तर डोक्यात धरून ठेवायचं हे त्यांना जड जातं. नाव पुकारल्यावर उभं राहून ‘बाई, विसरलो’ म्हणणारं मूल आणि विसरायच्या आत ओरडून मोकळं होणारं मूल, दोघांची अडचण एकच असते. एकावर वर्ग हसतो, दुसऱ्यावर बाई रागावतात, एवढाच फरक.

मग रागावून उपयोग होतो का? लगेच होतो, आणि घोटाळा तिथेच आहे. ‘गप्प बस!’ म्हटलं की मूल क्षणभर गप्प बसतं, त्यामुळे ओरडणाऱ्याला वाटतं की उपाय लागू पडला. अमेरिकेत १९६८ साली चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक सोपा प्रयोग केला. मुलं जागेवरून सारखी उठत होती आणि शिक्षक त्यांना ‘खाली बसा’ असं सांगत होते. संशोधकांनी शिक्षकांना सांगितलं, की हे आणखी जास्त वेळा सांगून पाहा. झालं काय, तर उठणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. मग शिक्षकांनी जागेवर बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं, तेव्हा ते कमी झालं. ज्याला दिवसभरात दुसऱ्या कशासाठी कोणी नावाने हाक मारत नाही, त्याला रागाची हाकही हवीच असते.

या नजरेने आपल्याकडची एक जुनी प्रथा पाहण्यासारखी आहे. बाई कार्यालयात जाताना मॉनिटरच्या हाती खडू देतात आणि तो बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. पुन्हा बोललं तर नावापुढे फुली. दोन फुल्या, तीन फुल्या. वर्गातलं सर्वात मोठं, सर्वांना दिसणारं अक्षर कुणाचं, तर गप्प न बसणाऱ्याचं! तासभर शांत बसून गणितं सोडवणाऱ्या मुलीचं नाव त्या फळ्यावर वर्षभर येत नाही. मॉनिटरचं कुणाशी भांडण असेल तर काय होतं, ते निराळंच.

याहून सूक्ष्म चूक चांगले शिक्षकही करतात. वर्ग सुन्न बसलेला आहे, कुणालाच उत्तर येत नाही, आणि मागून कुणीतरी न विचारता बरोबर उत्तर देतं. अशा वेळी सुटकेचा निःश्वास टाकून ‘बरोबर!’ म्हटलं जातं आणि तास पुढे सरकतो. त्याच मुलाने दहा मिनिटांनी तसंच चुकीचं उत्तर दिलं की ‘हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही’ हा नियम आठवतो. मूल यातून नियम शिकत नाही, लॉटरी शिकतं. कधी लागते, कधी नाही. आणि अधूनमधून लागणाऱ्या लॉटरीचं तिकीट माणूस सहजासहजी सोडत नाही, हे मानसशास्त्रातलं फार जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. म्हणून न विचारता आलेल्या बरोबर उत्तरालाही त्या क्षणी दाद न देणं आणि त्याच मुलाने हात वर केला की लगेच त्याला विचारणं, हे दोन्ही एकत्र करावं लागतं. नुसतं दुर्लक्ष केलं तर सुरुवातीचे काही दिवस गोंधळ वाढतोच, कारण मूल आवाज चढवून पाहतं. पुष्कळ जण तिथेच हात टेकतात.

फळ्यावरच्या त्या फुल्यांचा चांगला उपयोगही करता येतो, हे १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये दिसलं. चौथीचा वर्ग, २४ मुलं, त्यातली काही अतिशय बोलघेवडी. म्युरिएल सॉन्डर्स या शिक्षिका आणि हॅरिएट बॅरिश व माँट्रोज वुल्फ हे संशोधक यांनी वर्गाचे दोन संघ केले. परवानगीशिवाय कुणी बोललं वा जागेवरून उठलं की त्या मुलाच्या नावापुढे नव्हे, तर त्याच्या संघापुढे फुली. कमी फुल्यांचा संघ जिंकणार. दोन्ही संघांच्या फुल्या पाचपेक्षा जास्त झाल्या नाहीत तर दोघंही जिंकणार. बक्षीसही साधंच: जेवणाच्या रांगेत पुढचा नंबर, दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ. गणिताच्या तासाचे छोटे छोटे तुकडे पाडून नोंदी ठेवल्या होत्या. खेळापूर्वी त्यांतल्या ९६ टक्के तुकड्यांत कुणीतरी परवानगीशिवाय बोलत होतं. खेळ सुरू झाल्यावर हे प्रमाण १९ टक्क्यांवर आलं. मात्र दोन मुलांनी ‘आम्ही नाही खेळत’ म्हणून मुद्दाम फुल्या मिळवायला सुरुवात केली आणि त्यांना संघातून वेगळं करावं लागलं. हा तपशील मला आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही वर्गात सगळ्यांना चालणारी युक्ती एखाद-दोघांना चालत नाही, आणि त्या एखाद-दोघांसाठी निराळा विचार करावा लागतो. त्याकडे पुढे येऊच.

हाच खेळ १९८५-८६ मध्ये बाल्टिमोर शहरातल्या पहिलीच्या वर्गांमध्ये शेपर्ड केलम यांच्या गटाने वापरला आणि त्या मुलांचा पुढे १९ ते २१ व्या वर्षापर्यंत माग ठेवला. पहिलीत जे मुलगे जास्त आक्रमक आणि दंगेखोर होते, त्यांच्यात खेळ खेळलेल्यांचं पुढे व्यसनात अडकण्याचं प्रमाण न खेळलेल्यांपेक्षा कमी आढळलं. सहा-सात वर्षांचं मूल मित्रांसोबत स्वतःला आवरायला शिकतं, त्याचं मोल त्या तासापुरतं नसतं, असं म्हणायला जागा आहे.

इथे कुणी शिक्षक म्हणतील, ‘हे २४ मुलांच्या वर्गात ठीक आहे.’ त्यांचं म्हणणं खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण लिहिलं आहे, पण शहरातल्या कितीतरी वर्गांत साठ मुलं दाटीवाटीने बसतात. वर पंखा घरघरतो, खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न. वर्ग रिकामा असताना आतला आवाज ३५ डेसिबलच्या वर नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची शिफारस आहे. एवढी शांतता आपल्याकडे रात्रीही मिळायची मारामार. आवाजाचा एक स्वभाव असा की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं. शिक्षक आवाज चढवतात, म्हणून मुलं चढवतात, म्हणून शिक्षक आणखी चढवतात. दिवाळीपर्यंत घसा बसतो तो शिक्षकांचा. अशा वर्गात ‘संयम ठेवा’ हा सल्ला शिक्षकांना द्यायचा म्हणजे कोरडा उपदेश आहे. त्यापेक्षा फुकटातली आणि वेळ न खाणारी एखादी गोष्ट सांगितलेली बरी.

अशी गोष्ट आहे, आणि ती आहे तीन सेकंदांची. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत शेकडो तासांचं ध्वनिमुद्रण ऐकलं. त्यांना आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. एका सेकंदाच्या वर्गात जिंकणार कोण, तर ज्याचा ब्रेक सैल आहे तो. तक्रार त्याच्याबद्दल असते, पण शर्यत त्याच्यासाठीच आखलेली असते! रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. तेव्हा उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली, आणि मुलांना दटावण्याचे प्रसंगही कमी झाले. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. घड्याळ लावून वर्गासमोर तेवढा वेळ गप्प उभं राहून पाहा, म्हणजे कळेल. ‘प्रश्न विचारल्यावर मी मनात एक-दोन-तीन म्हणणार, तोवर कुणीही हात वर करायचा नाही’ असा उघड करार केला तर ते मुलांनाही सोपं जातं.

त्याहून सोपी आपल्या जवळची वस्तू म्हणजे पाटी. उत्तर पाटीवर लिहायचं, ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर धरायचं. साठ मुलांची उत्तरं काही क्षणांत डोळ्यांसमोर येतात. विसरण्याची भीती नाही, पहिलं होण्याची धडपड नाही, बोलघेवड्याला काहीतरी करायला मिळतं आणि लाजऱ्याला बोलावं लागत नाही. पाटीसारखं दुसरं साधन शोधून सापडणार नाही, आणि आपण ती अनेक शाळांमधून हद्दपार केली.

पण न विचारता बोलणं ही प्रत्येक वेळी मोडून काढायचीच गोष्ट आहे का? हवाई बेटांवरची एक हकीकत या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने नेते. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं १९७० च्या दशकात वाचनात मागे पडत होती. शिक्षकांच्या दृष्टीने ती बेशिस्त होती: एकाला विचारलं की तिघं बोलणार, एकमेकांची वाक्यं पुरी करणार. होनोलुलूमध्ये कामेहामेहा प्रारंभिक शिक्षण कार्यक्रम सुरू होता. तिथल्या अभ्यासकांनी या मुलांचं घरचं बोलणं ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांच्याकडे ‘टॉक स्टोरी’ नावाची गप्पांची रीत आहे. त्यात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे मध्येमध्ये भर घालतात. मध्ये बोलणं हा तिथे उद्धटपणा नाही, ऐकत असल्याची ती खूण आहे. कॅथरिन आऊ यांनी १९८० च्या सुमारास या वाचनतासांचा बारकाईने अभ्यास केला. काय बोलायचं हा विषय शिक्षिकेच्या हाती ठेवून, कोण कधी बोलणार हे मुलांवर सोपवलं, तर मुलं गोष्टीवर जास्त बोलत, विषय सोडून कमी जात आणि वाचलेलं त्यांना जास्त समजे. एकेकाला उभं करून विचारणाऱ्या तासात हीच मुलं अडखळत.

आपल्या घरांमध्ये तरी काय निराळं असतं? लग्नाच्या याद्या करायला बसलेलं कुठलंही मराठी घर पाहा. चार जण एका वेळी बोलत असतात आणि प्रत्येकाला बाकी तिघांचं कळत असतं. आपल्या शाळेतही एकत्र बोलण्याला मानाची जागा होतीच: सकाळचे पाढे आणि चालीवर म्हटलेल्या कविता. धडगाव किंवा भामरागडच्या शाळेत घरी पावरी किंवा माडिया बोलणारं मूल शेजाऱ्याच्या कानाला लागतं, तेव्हा ते बहुधा बाई काय म्हणाल्या हेच विचारत असतं. त्याला दटावलं तर त्याचा दुभाषा आपण काढून घेतो. माझं मत असं की रोजच्या वेळापत्रकात ‘आता हात वर करून’ आणि ‘आता सगळे मिळून’ अशा दोन्ही वेळा असाव्यात आणि कोणती वेळ चालू आहे हे मुलांना स्वच्छ ठाऊक असावं. दिवसभर एकच नियम म्हटलं की तो कुणीच पाळत नाही.

आता त्या एखाद-दोघांकडे येऊ. वर्ग कितीही नीट चालवला, कितीही खेळ लावले, तरी थांबता येत नाही असं मूल असतं. एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, ही स्थिती जगभरात साधारण वीस मुलांमागे एकात आढळते. तिच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या ग्रंथात अतिचंचलता व उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली चार आपल्या विषयाशी जोडलेली आहेत: अति बोलणं, प्रश्न संपण्याआधी उत्तर देणं, पाळीची वाट पाहता न येणं आणि इतरांच्या बोलण्यात वा खेळात घुसणं. पण नुसत्या या चारांवर निदान होत नाही. नऊपैकी किमान सहा लक्षणं हवीत, ती सहा महिने टिकलेली असावीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. फक्त गणिताच्या तासाला बडबडणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी गणिताचा तास तपासावा.

ही स्थिती असलेल्या मुलांचा ब्रेक मुळातच उशिरा तयार होतो. अमेरिकेत २००७ मध्ये फिलिप शॉ यांच्या गटाने मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं काढून पाहिली. मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी इतर मुलांमध्ये सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास कमाल पातळी गाठते, एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास. विकासाची वाट तीच, पण तीन वर्षांनी मागे. तिसरीतल्या मुलाकडून आपण तिसरीचा ब्रेक मागतो, आणि त्याच्याकडे असतो बालवाडीचा.

याची उलट बाजूही डॉक्टरांना सांभाळावी लागते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वात लहान असलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होतं; मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. म्हणजे काही मुलांचा ‘आजार’ इतकाच होता की ती वर्गमित्रांपेक्षा जवळपास वर्षभराने लहान होती. आपल्याकडेही पहिलीत एका बाकावर बसणाऱ्या दोघांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचा फरक सहज असतो.

म्हणून मूल सतत मध्ये बोलतं अशी तक्रार घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना जन्मतारखेबरोबर वर्गातला त्याचा वयाचा क्रमही सांगावा. शाळेला विनंती करून दोन आठवड्यांची साधी नोंद मागावी: कोणत्या तासाला, कशानंतर, किती वेळा आणि त्यानंतर शिक्षकांनी काय केलं. सुट्टीत, घरी जेवताना, खेळताना तेच होतं का, हे घरच्यांनी लिहावं. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये आधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण देतात. औषधाचा विचार साधारण त्यानंतरच्या वयात आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतो. आणि या सगळ्याच्या आधी कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठून राहतं, दुखत नाही, पण ऐकू कमी येतं. अशा मुलाला दुसरं कुणी बोलतंय हेच कळत नाही, म्हणून ते मध्ये बोलतं, आणि कधी मोठ्यानेही बोलतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होणारी ही तपासणी काही मिनिटांची असते, त्यात सुई टोचावी लागत नाही, आणि पावसाळ्यानंतर सर्दी सरली की ती पुन्हा एकदा करून घ्यावी.